लांबच्या जोड्यांचा जज्ज

"काका, खरं सांगा. मोतीबिंदू झालाय ना?"

चष्मेवाली दारात उभी राहून विचारत होती. तिच्या स्वतःच्या काचा एवढ्या जाड होत्या की समोरच्याला तिचे डोळे बशीएवढे दिसायचे, आणि ती निघाली होती दुसऱ्याचे डोळे तपासायला. जज्जने पडद्यावरची नजर काढली, खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो कोळी दिसतो का तुला?"

"कुठला कोळी?"

"तोच. त्याला सात पाय आहेत. आठवा गेल्या आठवड्यात पंख्यात गेला. आता सांग, मोतीबिंदू कोणाला झालाय?"

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. दार उघडं राहावं म्हणून लावलेला विटेचा तुकडा ओलांडून ती आत आली, स्टूल ओढून बसली आणि तिने मांडीवर संगणक उघडला.

"मग हे काय झालंय ते मला समजावून सांगा. कारण दुपारी मी बाईंची सही घ्यायला दवाखान्यात जाणार आहे, आणि हे असं असताना मी त्यांच्या हातात पेन कसं देऊ?"

जज्ज हा काही खराखुरा जज्ज नव्हता. काळा कोट त्याने जन्मात घातला नव्हता. घातला असता तर खांद्यावरून घसरला असता, इतका तो किरकोळ होता. पण आकाशाचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत त्यांच्या विभागाला सगळे फॅमिली कोर्ट म्हणायचे. दारावर पाटी होती लांबलचक, ती वाचेपर्यंत माणूस पुढच्या दारापाशी पोचायचा. फॅमिली कोर्ट हे सुटसुटीत. कारण आत निकाल लागायचे ते जोड्यांचे. पायात घालायच्या नव्हे, ताऱ्यांच्या.

आता ताऱ्यांच्या या जोड्या म्हणजे काय प्रकरण आहे, ते ऐकून घ्या, म्हणजे पुढे अडणार नाही. एकाच ढगातून दोन तारे जन्मतात आणि एकमेकांभोवती फिरत राहतात. काही जोड्या गळ्यात गळा घालून फिरतात. काही मात्र इतक्या लांब, की उजेडालासुद्धा एकाकडून दुसऱ्याकडे जायला महिने लागतात. एका ताऱ्यावर उभं राहून बघितलं तर दुसरा हा आकाशातल्या हजार ठिपक्यांतला एक. तरी फिरतात. एक फेरी पुरी व्हायला लाखो वर्षं लागतात. चालू फेरी सुरू झाली तेव्हा माणसाला बोलता येत नव्हतं, त्यामुळे जग बरंच शांत होतं.

आणि बाई म्हणजे या कोर्टाच्या मालकीणबाई. गुरुत्वाकर्षणाचा जुना नियम सांगतो की अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते. शाळेतली पोरं हे घोकतात. बाईंचं म्हणणं असं, की जवळ हे खरं. पण फार फार लांब गेलं, ओढ अगदीच क्षीण झाली, की तिथून पुढे ती नियम सांगतो तेवढी कमी होत नाही. थोडी उरते. आणि ती उरते म्हणून लांबच्या जोड्या जरा जास्त जोरात फिरतात. नियमाप्रमाणे पाच पावलं पडायची तिथे सहा पडतात, एवढंच. पण त्या एका पावलासाठी जगातली पुस्तकं नव्याने लिहावी लागली असती. बाईंनी तेवढ्यासाठी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, आणि केस विंचरायचेही त्या बऱ्याचदा विसरत.

अडचण होती तिसऱ्याची.

जोडीतल्या एखाद्या ताऱ्याला कधी कधी एक मिणमिणता तिसरा तारा बिलगून असतो. तो दिसत नाही, पण आपल्या ताऱ्याला घेऊन गिरक्या घालतो, आणि जोडी उगाचच जोरात चाललेली दिसते. अशा जोडीची साक्ष काय कामाची? म्हणून आधी तिसरा शोधायचा आणि जोडी बाद करायची. ताऱ्याचा डाग गोल आहे की एका अंगाला फुगलाय, रंगाच्या मानाने उजेड जास्त पडतोय का, वर्षावर्षाच्या चित्रांत तो डुलतोय का, असं सगळं बघायचं. यंत्रं हे करत, पण अवघड जोड्यांपाशी अडत. तिथे जज्ज लागायचा. दिवसाला एक जोडी. सकाळी तिचा नंबर त्याच्या पडद्यावर यायचा, संध्याकाळी तो निकाल द्यायचा: ठेवा, किंवा बाद.

त्याच्या नजरेच्या कथा संस्थेत कँटीनच्या पोऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळे सांगत. एकदा एका लग्नाच्या फोटोकडे बघून तो म्हणे पुटपुटला, "यात तिसरा आहे." नवरी महिन्याच्या आत फोटोग्राफरबरोबर पळाली. तेव्हापासून त्याला लग्नाला बोलवणं लोकांनी बंद केलं. बोलावलंच, तर फोटो काढून होईपर्यंत जेवायला बसवून ठेवत. यातलं खरं किती ते विचारू नका. नवरी पळाली हे खरं आहे.

बाईंचा कोर्टात एकच नियम होता. जोडी किती जोरात चालते, हे जज्जला कळता कामा नये. वेगाचे आकडे बाईंच्या कपाटात कुलुपात. "काय सापडायला हवंय हे नजरेला कळलं की ती खुशामत करायला लागते," त्या म्हणायच्या. "तुम्ही आंधळे राहा, जज्जसाहेब. म्हणजे तुम्हाला दिसेल."

आणि आता त्या दवाखान्यात होत्या, फुप्फुसं पाण्याने भरलेली. निकाल लागला होता, तो त्यांच्या विरुद्ध. तिसरा असलेल्या सगळ्या जोड्या वगळल्यावर ज्या उरल्या, त्या निमूटपणे जुन्या नियमाप्रमाणे चालत होत्या. सहावं पाऊल कुठे नव्हतंच. चष्मेवाली ही बाईंची शेवटची विद्यार्थिनी. तिने शोधनिबंध लिहून तयार केला होता. त्यात बाईंनी स्वतः एक ओळ घालायला लावली होती: आजवर याउलट मांडलेलं मत लेखिका मागे घेत आहे. खाली सही तेवढी राहिली होती.

"बघा," चष्मेवाली म्हणाली. "बाई दवाखान्यात गेल्यापासून नंबर मी पाठवते. म्हणजे मीही नाही, चिठ्ठी काढल्यासारखा यंत्रच एक नंबर काढतं. वेग मलाही ठाऊक नसतो. काल यंत्रातून वेग काढून मी या तीन महिन्यांची बेरीज केली. जोरातल्या दहा जोड्यांत तुम्हाला चारात तिसरा सापडलाय. हळू चालणाऱ्या दहांत तीनांत. थोडा फरक असणारच, तिसरा असला की जोडी जोरात दिसतेच."

"मग?"

"त्याआधीची सगळी वर्षं बघा. जोरातल्या दहांत सात. हळूंत एक." तिने चष्मा काढून पुसला. "आधी मला वाटलं, तुमचे डोळे गेले. पण मोतीबिंदू झाला असता तर दोन्हीकडे कमी दिसलं असतं. तुम्हाला हळू जोड्यांत पूर्वीपेक्षा जास्त दिसायला लागलंय, काका. तीन महिन्यांपूर्वी असं काय बदललं?"

जज्ज कोळ्याकडे बघत राहिला. काय बदललं ते त्याला लगेच कळलं होतं. दारात कोणी येत नव्हतं, हे बदललं होतं.

जज्ज आपल्या मोठ्या बहिणीबरोबर राहायचा. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवला. पुढे तिच्या कमरेखालचं अंग गेलं, आणि मग त्याने तिला सांभाळलं. दोन खोल्या, खिडकीशी तिचा पलंग. बाईंना आकाशाखालचं फारसं काही माहीत नसे, पण हे माहीत होतं. एके दिवशी अकराच्या सुमाराला त्या दारात आल्या, चौकटीला हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," जज्ज म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की त्या गेल्यावर त्याने खिडकी उघडून उगाचच बाहेर बघून घेतलं. संध्याकाळी ताईला सांगितलं. ताईही खूश. "फार माणुसकीची बाई आहे हो," ती म्हणाली. मग रोज तो घरी आला की पायातलं काढायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला: "काय रे, आज विचारलं का बाईंनी?" कधी विचारलेलं असायचं, बऱ्याचदा नसायचं. नसलं की ताई म्हणायची, "कामात असतील."

महिन्याच्या शेवटी बाईंच्या खोलीत कुलूप उघडायचं आणि निकाल लागलेल्या जोड्यांचे वेग वाचले जायचे. जज्जची स्मरणशक्ती त्याच्या डोळ्यांसारखीच वाईट होती, म्हणजे काही सुटायचंच नाही. दोन-तीन महिन्यांत त्याच्या लक्षात आलं. ज्या दिवशी बाई ताईंची चौकशी करत, त्या दिवसाची जोडी जोरातली निघायची. दर वेळी. बाईंना स्वतःला हे माहीत नव्हतं. सकाळी नंबर पाठवताना त्यांना दिसायचं की आज आशेची जोडी जज्जच्या टेबलावर आहे. मग त्यांना खोलीत बसवायचं नाही, पाय आपोआप इकडे वळायचे, आणि दारात येऊन काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या माणसासारखं बोलायच्या.

जज्जने हे कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर बाई दारात यायच्या बंद झाल्या असत्या, आणि घरी ताई वाट बघत होती.

तेवढ्यावर निभावलं असतं. मग तो पाहुणा आला. मोठा शास्त्रज्ञ, जुन्या नियमाचा भक्त. भरसभेत हसत हसत म्हणाला, "तुमचा हा तपासनीस तुमचाच माणूस. तुम्हाला नको तो तिसरा याला दिसायचा कसा?" सभा हसली. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तो माझा माणूस नाही. तो ताऱ्यांचा माणूस आहे."

जज्ज शेवटच्या रांगेत दाराशी बसला होता. असलं काही त्याच्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि पुढेही बोलणार नव्हतं. त्या दिवसापासून त्याने मनाशी खूणगाठ बांधली. बाईंनी ताईंची चौकशी केली, की त्या दिवसाची जोडी तो उलटी टांगून झोडायचा. दुपारचं जेवण नाही, पाणी नाही. डाग मोठा कर, उजेड वेगळा कर, जुनी चित्रं काढ. कुठे केसभर शंका आली की बाद. आपल्याला बाईंचा विजय हवाय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो बाईंच्या जोड्यांना सूट देत नव्हता. आणि ज्या दिवशी कोणी दारात येत नसे, त्या दिवशी तो चार माणसांसारखा बघायचा, चार वाजता चहा घ्यायचा आणि लिहायचा: ठेवा.

याला तो प्रामाणिकपणा समजत होता. इतकी वर्षं.

त्याने हे सगळं चष्मेवालीला सांगितलं. ताई दहा वर्षांपूर्वी गेली, तेवढं मात्र त्याने गाळलं; ते संस्थेत बऱ्याच जणांना ठाऊक होतं, चष्मेवालीला नव्हतं, कारण ती तेव्हा शाळेत होती.

तिने संगणक मिटला. मग म्हणाली, "म्हणजे तिसरा नसलेल्या जोरातल्या जोड्याही बाद झाल्या, आणि बाई कदाचित बरोबर होत्या."

"कदाचित."

"सगळं परत बघायचं तर?"

"वर्षं जातील."

"बाईंना डॉक्टरांनी आठवडा दिलाय." ती उठली, परत बसली. "काका, एक करता येईल. तुमच्या डोळ्यांचं निमित्त सांगून हे तीन महिने सोडून द्यायचे. जुनं सगळं आहे तसं ठेवायचं. बाईंनी मनाची तयारी केलीये. हरलो म्हणून शांत पडल्यात त्या. आता जाऊन हे सांगायचं म्हणजे, ना धड हरल्या, ना धड जिंकल्या, आणि त्यात सगळं वाया."

"पण सही खोट्यावर होईल."

"ते मलाही कळतंय!" ती जवळजवळ ओरडलीच. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही ठरवा. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखता त्यांना. तुम्ही मोतीबिंदू म्हणालात तर मीही मोतीबिंदूच म्हणेन."

दवाखान्याच्या त्या खोलीला खिडकी होती, पण समोर पलीकडच्या इमारतीची भिंत. आयुष्यभर आकाश बघितलेल्या बाईला देवाने शेवटी भिंत दाखवली, तीही पोपडे आलेली. नाकात नळी, हातात सुई. पांघरुणाखाली माणूस आहे हे सांगावं लागेल, इतक्या त्या आटल्या होत्या. डोळे तेवढे जुनेच होते.

"या, जज्जसाहेब," त्या म्हणाल्या. एकेक शब्द श्वास घेऊन. "हिच्याबरोबर तुम्हीही आलात. म्हणजे माझ्या फाशीला साक्षीदार हवा होता की काय?"

"काय बाई, काहीही बोलता," चष्मेवाली म्हणाली आणि कागद काढले. पेन काढलं. पेनाचं टोपण काढायला तिला फार वेळ लागला. ती जज्जकडे बघत होती.

जज्ज पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. पडद्यावर डाग उघडायच्या आधी असायचा तसा त्याचा चेहरा होता, कोराकरकरीत. मोतीबिंदू हा एवढासा शब्द. तो म्हटला की सगळे घरी. बाईंनी हात पुढे केला, चष्मेवालीने त्यात पेन ठेवलं.

"बाई, थांबा," जज्ज म्हणाला.

त्याने सांगितलं. उभ्यानेच, खाली बघून, फिरवाफिरव न करता. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर त्या आजारी बाईसारख्या बोलल्या नाहीत, मालकीणबाईसारख्या बोलल्या.

"कधीपासून?"

"त्या पाहुण्याच्या सभेनंतर."

"म्हणजे जवळपास सगळ्याच." श्वास. "आणि जोडी जोरातली आहे हे तुम्हाला कळायचं कसं?"

"त्या दिवशी तुम्ही ताईंची चौकशी करायचात."

बाई छताकडे बघत राहिल्या. नळीतून हवेचा बारीक आवाज येत होता.

"पण ते तर मी रोज करायचे," त्या म्हणाल्या.

जज्जने मान हलवली. "नाही, बाई."

"रोज नाही?"

"नाही. तेवढ्याच दिवशी."

चष्मेवालीने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाईंनी मान वळवून जज्जकडे बघितलं. "आज तुमच्या टेबलावर काही नाही ना?"

"नाही."

"मग आज विचारते. ताई कशा आहेत?"

'बऱ्या आहेत' हे शब्द जज्जच्या जिभेवर इतके घासून गुळगुळीत झाले होते की ते आपणहून निघाले असते. त्याने ते दातांशी अडवले.

"गेली ती, बाई."

"कधी?"

"तुम्ही समुद्रापलीकडच्या मोठ्या दुर्बिणीवर गेला होतात ना, तेव्हा."

"त्याला..." बाईंनी हिशेब सोडून दिला. "त्यानंतर मी किती वेळा विचारलं असेल. तुम्ही प्रत्येक वेळी बऱ्या आहेत म्हणालात."

"तुम्ही परत आलात आणि दुसऱ्याच दिवशी दारात येऊन विचारलंत. माझ्या तोंडून सवयीने गेलं. मग परत घेता येईना."

"का?"

जज्ज पलंगाच्या गजावर अंगठा घासत राहिला. "गेली म्हटलं असतं तर तुम्ही पुढे विचारलं नसतं. आणि आता संध्याकाळी घरीही कोणी विचारणारं नव्हतं, आज बाईंनी विचारलं का म्हणून."

बाईंनी डोळे मिटले. चष्मेवालीला वाटलं झोपल्या. पण आत गणित चाललं होतं.

"मी विचारणं बंद केलं असतं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तर तुम्हाला जोडी ओळखू आली नसती. तुम्ही आंधळे झाला असतात. निदान या दहा वर्षांच्या जोड्या वाचल्या असत्या."

"हो."

"हे तुमच्या आज लक्षात आलं?"

"येताना. गाडीत."

बाई हसल्या. आवाज आला नाही, पांघरूण तेवढं हललं, आणि मग खोकल्याची उबळ आली ती थांबेना. नर्स आली, नळी नीट करून, दोघांकडे डोळे वटारून गेली. खोकला ओसरल्यावर बाईंनी कागद पुढे ओढला. शेवटच्या पानावर, जुना नियम शाबूत आहे या वाक्यावर त्यांनी आडवी रेघ मारली. मत मागे घेत असल्याच्या ओळीवरही मारली. दुसरी रेघ वाकडी गेली.

"सगळ्या बाद," त्या म्हणाल्या.

"सगळ्या?" चष्मेवाली पुढे आली. "बाई, असं नका करू. जोरातल्या जोड्या मी परत काढते, त्यातल्या काही तरी..."

"काढशील, आणि कुठल्या बाजूला ठेवशील? मला काय हवंय ते तुला माहीत आहे." श्वास. "लिही. लांबच्या जोड्यांत जुना नियम चालतो की नाही, आम्हाला माहीत नाही. तपासणाऱ्याला जोडीचा वेग बाहेरून कळत होता. दोष माझा."

"माझाही लिही," जज्ज म्हणाला.

"तुमचं नाव नको." बाई थकल्या होत्या, शब्द आता तुटक तुटक येत होते. "तुमच्या नावाला डाग नको. तुम्ही ताऱ्यांचे माणूस."

"नव्हतो, बाई," जज्ज म्हणाला. "त्या पाहुण्याचं खरं होतं. मी तुमचाच माणूस होतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. एखाद्या डागाकडे बघावं तसं, बराच वेळ, पापणी न हलवता.

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणूनच सगळ्या बाद."

आणि त्यांनी सही केली.

डॉक्टरांनी आठवडा दिला होता, बाईंनी त्यातला निम्मा परत केला. शोधनिबंध छापून आला. 'आम्हाला माहीत नाही' असं शेवटी लिहिलेला शोधनिबंध कोण वाचतो? त्या पाहुण्याने वाचला म्हणे, आणि कुठल्याशा सभेत एक बरा विनोद केला. संस्थेने बाईंची खोली धूमकेतूवाल्यांना दिली. त्यांनी कपाटाचं कुलूप तोडलं, कारण किल्ली कोणाला सापडली नाही. आत वेगांचे आकडे आणि एक कंगवा निघाला.

चष्मेवालीने नव्या जोड्या घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. संचालकांनी तिला एक वर्ष दिलं, आणि निवृत्तीला आलेल्या जज्जला तेवढ्यापुरतं ठेवून घेतलं. तेवढ्यात हे काम पुरं होणार नाही हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कोणी बोललं नाही.

पहिल्या सकाळी जज्ज वेळेआधी आला. कोळी कोपऱ्यात नव्हता; झाडणाऱ्याने जाळ्यासकट नेला होता. पडद्यावर नंबर येऊन पडला होता. दोन ठिपके, मध्ये काळोख. त्याने पडदा पुसला. पंखा बंद केला. मग उठून दाराकडे गेला, वाकला आणि विटेचा तुकडा उचलला. फरशीवर त्या जागी विटेच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उमटला होता, बाकीची फरशी काळी पडलेली. दार कधी लावलंच नव्हतं, बिजागऱ्या अशा कुरकुरल्या की पलीकडे धूमकेतूवाल्यांपैकी कोणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. जज्जने दार लावलं, कडी सरकवली आणि वीट टेबलावर ठेवली.

तो बसला तेव्हा बाहेर पावलं वाजली. चष्मेवालीची, ती टाच घासत चालते. दारापाशी येऊन थांबली. जज्जचा हात संगणकाच्या माउसवर तसाच राहिला. पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला, काहीतरी विचारायच्या आधी माणूस घेतो तसा.

मग काही न विचारता पावलं पुढे गेली.

ती पार जिन्यापर्यंत पोचेस्तोवर जज्ज ऐकत राहिला. मग त्याने पहिला ठिपका मोठा केला.